कोरमची सही

ती सकाळ आठवली की आजही चिडचिड होते. आणि सर्वांत जास्त ज्याच्यावर चिडलो, तो माणूस तेव्हा हयातही नव्हता.

भिलाईतल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. शिपायांची सकाळची गणती आटोपून मुन्शी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक हवालदार, रोजनामचा लिहायला बसला होता. कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या एक काकू आत आल्या, 'जय भीम' म्हणाल्या आणि एक पाकीट माझ्यासमोर ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान पोलाद कारखान्यातले निवृत्त कामगार आणि फुटबॉलचे प्रशिक्षक. पाळी सुटली की थेट मैदान, अशी त्यांची उभी हयात गेली. सगळे त्यांना 'सर' म्हणत. चार महिन्यांपूर्वी ते वारले होते. पाकिटात राज्य फुटबॉल संघटनेच्या सचिवांचे पत्र होते. सरांनी गेल्या महिन्याच्या सभेला जातीने हजर राहून बहुमोल मत दिले, त्याबद्दल त्यांचे आभार मानले होते.

"आमचे हे कुठं मत देऊन आले, ते मले सांगा साहेब," काकू म्हणाल्या. "कुठंबी जाच असन तर मले सांगून जात होते."

मुन्शीला हसू आले. मी पाहिले तसा तो पुन्हा लिहू लागला.

काकूंबरोबर एकोणीस वर्षांची मुलगी होती. राज्याच्या मुलींच्या संघाची गोलकीपर, सरांनीच घडवलेली. खरी अडचण तिची होती. गेल्या महिन्याच्या त्या सभेत निवडून आलेली समिती विरोधकांनी मानली नाही, त्यांनी आपली वेगळी समिती काढली. दोन समित्या, दोन सचिव, दोन शिक्के. देशपातळीवरच्या संघटनेने राज्याचे अनुदान थांबवले आणि कळवले की खरा सचिव कोण ते ठरेपर्यंत संघ घेणार नाही. राष्ट्रीय स्पर्धेची नावे पाठवायला बारा दिवस उरले होते. या वयोगटातले तिचे ते शेवटचे वर्ष. रेल्वेची खेळाडू भरती तोंडावर होती, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या दाखल्याशिवाय तिचा अर्ज कोणी उघडूनही पाहिला नसता.

"दोघायच्याही घरी जाऊन आली मी," ती म्हणाली. "एक म्हणते त्याले विचार, दुसरा म्हणते कोर्टात भेटू. मले फक्त गोलमध्ये उभं राहाच हाय, साहेब."

फिर्याद नोंदवली. सुपेला भागात एका टायरच्या दुकानावर संघटनेची खोली होती. पंचांसमक्ष सभेचे रजिस्टर जप्त केले. ठाण्यात येऊन वाचायला घेतले आणि पहिल्याच ठरावाशी थांबलो. सभेच्या सुरुवातीला सरांच्या निधनाबद्दल दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली होती. त्याच पानाच्या तळाशी उपस्थितांच्या सह्या. सातवी सही सरांची. म्हणजे सर स्वतःच्या श्रद्धांजलीला हजर होते. शिवाय त्यांना धरूनच कोरम पुरा होत होता.

आभाराचे पत्र पाठवणाऱ्या सचिवांना बोलावले. कडक इस्त्रीचा सफारी घालून आले.

"ही टेक्निकल चूक आहे साहेब. बाबूनं पाहायला पाहिजे होतं. आम्ही फुटबॉल पाहतो."

"शेवटचा सामना कधी पाहिलात?"

त्यांनी पाणी मागितले.

मग त्यांचा बाबू. साठीचा, किरकोळ अंगाचा, संघटनेचा एकमेव पगारी माणूस. माझा अनुभव असा की खोटे बोलणारा विचारल्यापेक्षा जास्त सांगतो. हा काहीच सांगत नव्हता. मी चहा मागवला, ते पान त्याच्यासमोर उघडे ठेवले आणि गप्प बसलो. चहावर साय धरली तेव्हा तो बोलला.

"सही मी नाही केली साहेब. त्याहीनंच केली."

"वारल्यावर?"

"अगोदर. सभा होतेच कुठं, साहेब? कोणाची फर्स्ट शिफ्ट, कोणाची नाईट. मी रजिस्टर घेऊन स्कूटरवर घरोघरी फिरतो. सरायच्या घरी गेलो का ते म्हणत, 'कायले चकरा मारून राहिला बाबू? पेट्रोल का फुकट येते? आण, पुढच्या दोन-तीन पानायवरही करून ठेवतो.' चहा पाजत अन् करून देत. त्याहीचं पाहून बाकीचेही देत."

"मग वर श्रद्धांजली कशाला लिहिलीस?"

"नाही लिहिली तर बरं दिसन का, साहेब? एवढा मोठा माणूस."

"आणि खालची सही?"

"रजिस्टरमध्ये खोडाखाड चालत नाही ना."

मी पेन खाली ठेवले. इतकी वर्षे चोर पाहिले, पण नियमाला इतका जपणारा पाहिला नव्हता. बाकी सदस्यांचे जबाब असेच निघाले. विरोधकांचे रजिस्टर मागवले, तर तेही घरोघरी फिरलेले. स्कूटर तेवढी वेगळी. पुढे हस्ताक्षर तज्ज्ञाने सही सरांचीच असल्याचा अहवाल दिला.

मी देशाच्या संघटनेला कागद पाठवले आणि लिहिले की भांडण मोठ्यांचे आहे, मुलींना खेळू द्या. फोनही केला, तर तिकडून उत्तर आले,

"सचिव के लेटरहेड पर भिजवाइए, साहब."

"कौन से सचिव के?"

"जो मान्यताप्राप्त हों."

असे तीन फोन झाले. बारा दिवस संपले. लेखी उत्तर आले तेव्हा स्पर्धेचा अंतिम सामनाही होऊन गेला होता. विषय कार्यकारिणीपुढे ठेवू, असे त्यात होते. त्याच आठवड्यात पेपरात वाचले की त्या कार्यकारिणीची स्वतःचीच निवडणूक अडकली आहे.

काकूंना सांगायला मी स्वतः गेलो. मुलगीही तिथेच बसली होती. सही खरी आहे, कोऱ्या पानावर केलेली आहे, एवढेच सांगितले. काकूंनी भिंतीवरच्या सरांच्या फोटोकडे पाहिले.

"म्हणजे माह्याच माणसानं पोरीची वाट अडवली."

उत्तर मुलीने दिले.

"मैदानावर पाच मिनिटं उशीर झाला ना काकू, तर सर गैरहजर लावत. कितीही रडा, खोटी हजेरी नाही. ऑफिसच्या कागदाले ते कागदच नव्हते समजत."

एवढ्या जबाबांत मला जे सापडले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले. संघटना लबाडांनी बळकावली, हे खरेच. पण तिथे काय चालते ते पाहणे सज्जनांना कमीपणाचे वाटले, आणि त्यांनी आपली सही देऊन सुटका करून घेतली. दोषारोपपत्र मी दाखल केले. तारखा अजून पडतात. ती मुलगी मोहन नगरच्या एका शाळेत कंत्राटावर खेळ शिकवते. रेल्वेची वयोमर्यादा तिने ओलांडली.

यंदा माझी पत्नी गेली. पेन्शनच्या कागदांतून तिचे नाव कमी करायला कार्यालयात गेलो. तिथला बाबू भला माणूस होता. कोरा फॉर्म पुढे सरकवून म्हणाला, "साहेब, फक्त इथं सही करा. बाकीचं मी भरतो. या वयात तुम्हाले परत चक्कर नको."

माझा हात पेनाकडे गेलाही होता.

"आधी भरा," मी म्हणालो.

तो जरा दुखावला. मग एकेक रकाना भरू लागला. तिचे नाव, माझ्याशी नाते, मृत्यूची तारीख. ते वाचायची माझी मुळीच इच्छा नव्हती. शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, आणि मग सही केली.