निंबाआडची छत्री

आमच्या घरात वायरमन, प्लंबर, सुतार यांपैकी कोणी पाऊल टाकलं की यांचं तोंड एवढंसं होतं. यांचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं. विहिरीवरची मोटार स्वतः खोलायची, मिक्सर स्वतः उघडायचा, आणि जोडून झाल्यावर उरलेले स्क्रू डबीत टाकत म्हणायचं, "कंपनीने जास्तीचेच दिले होते." त्यामुळे टीव्हीची छत्री घ्यायचं ठरलं, तेव्हा ती बसवणार कोण यावरून घरात जुंपणार, हे मला आधीच दिसत होतं.

छत्री काही आमच्या हौसेची नव्हती. ती हवी होती माझ्या नणंदेसाठी. ताई सुरतेला असतात. आमच्याकडे खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, अंगणातल्या निंबाला झोका बांधतात, आमरस-पुरणपोळी खातात आणि सासरच्या गोष्टी आईच्या कानात ओततात. पण ताई दोन आखाज्या आल्याच नाहीत. फोनवर म्हणायच्या, "पोरींना तिकडे टीव्हीशिवाय करमत नाही." आमच्या गावातला केबलवाला धंदा गुंडाळून गेलेला, त्यामुळे टीव्ही होता तो शोभेला. सासूबाई एरवी ऐकून न घेणाऱ्या, पण या विषयावर गप्प बसायच्या. गेल्या आखाजीला त्यांनी झोका बांधून घेतला आणि संध्याकाळी कोणी न बसलेला तो स्वतःच सोडवून ठेवला. मीच म्हटलं, यंदा छत्री घ्यायचीच.

होळीच्या आधी नंदुरबारहून एक मेकॅनिक आला. तोंडात गुटखा, कानाला मोबाईल. अंगणात उभा राहून त्याने वर पाहिलं आणि निंबाच्या आडव्या फांदीकडे बोट केलं. "ही तोडावी लागेल. नाहीतर छत्री मागे गोठ्यावर लावू, पण तेवढी वायर आज माझ्याकडे नाही."

आता ती फांदी म्हणजे झोक्याची फांदी. सासूबाई ओट्यावरून उठल्याच. "फांदी तोडानी नही! मन्ही पोर झोका कोठे बांधी?" असं म्हणत त्या थेट झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. मेकॅनिक म्हणाला, उद्या वायर घेऊन येतो. तो उद्या काही उगवला नाही. यांना तेवढंच निमित्त पुरलं. "त्यात काय एवढं? मी बसवतो," म्हणाले, आणि मी कपाळाला हात लावला.

खरं सांगायचं तर तो दिवस मजेत गेला. हे गच्चीवर, मी आत टीव्हीसमोर, आणि मधे अंगणात सासूबाई. मी म्हटलं, फोनवर बोलू ना. पण सासूबाईंना काम हवं होतं. मी आतून ओरडायचे, "आलं!" त्या अंगणातून वर ओरडायच्या, "उनं! उनं!" तोवर यांनी छत्री पुढे सरकवलेली असायची. मी ओरडायचे, "गेलं!" त्या वर सांगायच्या, "गयं!" तोवर हे परत मागे. अशी आमची वरात दुपारभर चालली. शेजारची माणसं कुंपणाशी येऊन फुकटचे सल्ले देत होती. मोबाईलमधलं होकायंत्र, दोरीला बांधलेला दगड, चुलीजवळची फुंकणी, सगळं वर गेलं. फुंकणी कशाला हवी होती ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ऊन कललं आणि चित्र आलं. अगदी स्वच्छ! यांनी फांद्यांच्या मधली एक फट शोधून छत्री तिथून नेम धरल्यासारखी लावली होती. खाली उतरून आले ते लग्नातल्या नवरदेवाच्या ऐटीत. मीसुद्धा मनापासून शाबासकी दिली, खोटं कशाला बोलू. त्या आठवड्यात यांनी अर्ध्या गावाला गच्चीवर नेऊन ती फट दाखवली.

फक्त एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आली नाही. फाल्गुनात निंब झडलेला असतो. रोज सकाळी पाल्याच्या टोपल्या भरभरून मीच तर अंगण झाडत होते! चैत्र लागला तशी कोवळी लालसर पालवी फुटली, मग झाड हिरवंगार झालं, आणि यांची ती लाडकी फट भरून गेली. टीव्हीवर आधी चौकटी चौकटी दिसायला लागल्या, मग बोलणाऱ्या बाईचं तोंड एकीकडे आणि आवाज भलतीकडे. वारा आला की चित्र जायचं, वारा पडला की यायचं. जन्म गेला या झाडाखाली, आणि आमच्यापैकी एकालाही पाला आठवला नाही. हे रोज पाना घेऊन वर. "त्यात काय एवढं? जरा अंशभर फिरवलं की झालं." आखाजी तोंडावर आली तरी ते अंशभर काही संपेना.

याच गडबडीत यांनी ताईंना फोन केला. छत्रीचं कौतुक सांगितलं, किती चॅनल ते सांगितलं, आणि म्हणाले, "तिकिटं मोबाईलवर पाठवतो. स्टेशनवर ओळखीचा रिक्षावाला उभा राहील, तुला शोधावं लागणार नाही." पलीकडून ताई म्हणाल्या, "बघते." दोन दिवसांनी निरोप आला, यंदाही जमणार नाही.

सासूबाई मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. ऐकलं, आणि खुडत राहिल्या. मिरचीचा हात डोळ्याला लागला म्हणून पदराने डोळे पुसले. मला काय कळत नाही का? माझं डोकं सणकलं. मी फोन घेऊन मागच्या दारी गेले आणि ताईंना सरळ विचारलं, "ताई, टीव्हीचं सोडा. खरं काय ते सांगा."

त्या म्हणाल्या, "वहिनी, तुझा भाऊ अजून येतो ना गं तुला न्यायला?"

येतो ना. माझं माहेर चिंचपाड्याकडचं. एसटी आमच्या फाट्यावरून सुटते आणि माझ्या माहेरच्या फाट्यावर थांबते, डोळे मिटून गेले तरी पोहोचेन. तरी आखाजी उरकली की दरवर्षी माझा भाऊ येतो, निंबाखाली पिशवी ठेवून चहा पितो, माझी बॅग उचलतो. मी त्याला हसते. म्हणते, तुला काही कामधंदा नाही का रे?

"आमच्याकडे बाबा होते तोवर ते यायचे मला न्यायला, मुराळी म्हणून," ताई म्हणाल्या. "आता माझा भाऊ तिकीट पाठवतो. उतरल्यावर रिक्षावाला विचारणार, न्यायला कोणी नाही आलं? परक्या माणसाबरोबर माहेरी मी एकटी यायचं? मला नाही जमत गं. पोरींच्या टीव्हीचं नाव पुढे केलं, कारण हे मागून घ्यायचं असतं का?"

मी तशीच अंगणात आले. हे गच्चीवर, पाना हातात, निंबाच्या पाल्यात डोकं खुपसलेलं.

"अहो, खाली या!"

"थांब जरा, सिग्नल येतोय."

"चुलीत घाला तो सिग्नल!" मी एवढ्या जोरात ओरडले की कुंपणाबाहेरची शेळी दचकली. "जे काम कोणी भाड्याचा माणूस करेल, त्यासाठी तुम्ही महिनाभर त्या गच्चीवर चढताय. आणि जे तुमच्याशिवाय जगात दुसरं कोणी करू शकत नाही, ते खुशाल रिक्षावाल्याला देऊन मोकळे झालात! सख्ख्या बहिणीला आणायला मुराळी जायचं सोडून तिकीट पाठवता?"

वर पाना फिरायचा थांबला. सासूबाईंनी मिरच्यांवरून मान वर केली आणि एवढंच म्हणाल्या, "खरं बोली ऱ्हायनी ती."

हे उतरले. पाना ओट्यावर ठेवला. तांब्याभर पाणी प्यायले. मग मला विचारलं, "सुरतेची सकाळची गाडी किती वाजता असते गं?" माझा राग तिथेच विरघळला. असा माणूस आहे हा, चुकलो असं तोंडाने म्हणणार नाही, पण निघेल.

दुसऱ्या दिवशी कैऱ्यांची पिशवी आणि ताईंसाठी घेतलेलं लुगडं घेऊन हे गाडीत बसले, आणि मी नंदुरबारहून दुसरा मेकॅनिक बोलावला. हा वायर घेऊन आला होता. त्याने गोठ्याच्या भिंतीवर, झाडापासून लांब, मोकळ्या आभाळाखाली छत्री लावली. सासूबाई सगळा वेळ फांदीवर नजर ठेवून बसल्या होत्या. त्याच्या हातात सिग्नल दाखवणारं मीटर होतं, त्यामुळे ओरडाओरड करायची सोयच नव्हती. शेवटी त्यांना राहवेना. "उनं का?" त्यांनी उगीचच विचारलं. "आलं आजी," तो म्हणाला. त्यांचं समाधान झालं नाही, पण माझा चहा निवायच्या आत काम झालं होतं.

संध्याकाळी स्टेशनवरून रिक्षा आली. यांच्या दोन्ही हातांत बॅगा, मागे ताई, मागे दोघी भाच्या. सासूबाईंनी दारातच भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं, आधी लेकीवरून आणि मग, मला वाटलं नव्हतं, लेकावरूनही. भाच्या आत गेल्या आणि टीव्ही लावून बसल्या. लख्ख चित्र! हे गोठ्याकडे जाऊन छत्रीला हात लावून आले. "नट जरा ढिला वाटतोय," म्हणाले. मी पाना लपवून ठेवला होता.

ताई झोक्यावर बसल्या होत्या. पन्नाशीची बाई, पाय आखडून, नवं लुगडं गुडघ्यांत गोळा करून. सासूबाई मागून ढकलत होत्या आणि पाला सळसळत होता. मी धाकट्या भाचीला आमरस वाढता वाढता विचारलं, "मामा दारात दिसला तेव्हा आई काय म्हणाली गं?"

"आम्हाला काहीच नाही म्हणाली," ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "मामाला पाणी दिलं आणि निघाली बिल्डिंगभर. एकेक दार वाजवत. तळमजल्यावरच्या गुजराती काकूंना तर अहिराणी कळतसुद्धा नाही मामी, तरी त्यांचा हात धरून सांगत होती, 'माले लेवाले मन्हा भाऊ उना.'"