पुलावरची कोरडी दुपार

वेलचेरीच्या सखल वस्तीत वादळाचा इशारा आला की माणसं गाड्या उड्डाणपुलाच्या कठड्याला लावून घरी येतात. रंजनीही लावायची, पण ती परतत नसे, पाच वर्षांच्या कीर्तनाला घेऊन गाडीतच बसून राही. आणि आता तर फेब्रुवारी होता, आभाळात ढगाचा पत्ता नव्हता.

डिसेंबरच्या वादळात त्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं, तेव्हा नवरा सुधींद्र ऑफिसात अडकला होता. पोरीला खांद्यावर घेऊन रंजनी नऊ तास स्वयंपाकाच्या ओट्यावर उभी राहिली. पुढे पाणी ओसरलं, भिंती रंगल्या, नव्या गाद्या आल्या. रंजनीला मात्र भर दुपारी न्हाणीघराच्या मोरीतून पाणी गुरगुरताना ऐकू येई. मग दहीभाताचा डबा, कागदपत्रांची पिशवी, पोर, आणि पूल.

"पुन्हा पुलावर?" सुधींद्र वैतागे. "या उन्हात वडाम-पापड वाळतील! संसारच मांड तिथं."

"तेव्हा तुम्ही नव्हता," ती म्हणे.

शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आवडी गावाहून सासूबाई आल्या. परत जाताना महालक्ष्मीबाईंनी निकाल दिला, "रविवारी येऊन पोरीला नेते. तू बरी झालीस की परत आणीन."

"मी वेडी नाही, आई."

"वेडी कोण म्हणतंय? भ्यालीयस. भ्यालेल्या माणसाच्या हाती लेकरू ठेवू नये."

शुक्रवारी मोरी पुन्हा गुरगुरली. पुलावर डांबर तापून वास मारत होतं. खाली शेअर ऑटो धुरळा उडवत होते, आणि रंजनी सवयीनं समोरच्या इमारतींचे मजले मोजत होती: कुठला बुडेल, कुठला उरेल.

"अम्मा, काच वर कर," कीर्तना म्हणाली. तिनं बूट काढून मांडीवर घेतले होते, पाय सीटवर ओढले होते.

"का गं?"

"आत येतंय." तिनं दारावर बोट टेकवलं. "इथवर आलंय."

घड्याळ बघून वेळ सांगावी, इतक्या शांतपणे. रंजनीनं गाडीच्या तळाला तळवा लावला. कोरडं, चटका बसेल इतकं गरम.

"तू झोपलीस की मी ऐकत बसते," पोर कुजबुजली. "रोज. एकीनं जागं राहायला हवं ना?"

रंजनीचे कान एकदम मोकळे झाले. पुलापर्यंत पाठीशी आलेली गुरगुर थांबली होती. ती कुठं गेली, हे पोरीच्या ताठ मानेवरून कळत होतं.

तिनं आवडीला सासूबाईंना फोन लावला. "आई, रविवारपर्यंत थांबू नका. आजच या. आता हिला ऐकू येतंय."

पलीकडे कपाटाचं दार वाजलं. मग, "निघाले. पण एकट्या पोरीला नाही न्यायची मी आता. तूही चल. इथं एक डॉक्टरीण आहे, दोघींना दाखवू."

"आजी येईपर्यंत पूल पुरेल?" कीर्तनानं विचारलं.

"पुरेल," असं रंजनी नेहमी म्हणे. आज तिनं दार उघडलं आणि अनवाणी पाऊल पोळत्या डांबरावर ठेवलं. "बघ कण्णा, बघ सोन्या, कोरडं आहे."

कीर्तनानं खाली पाहिलंच नाही. ती हळूच सीटवर उभी राहिली.