न वाजवता लावलेला ढोल

माझी चुलतबहीण मुंबईला अशा वस्तूवर संशोधन करायची, की तिच्यापुढे कांद्याचा पापुद्रा गोधडी वाटावा. ग्राफीन म्हणे. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे पानांची चवड; त्यातलं एकच पान, एका अणूच्या जाडीचं, ती चिकटपट्टीने सोलायची, ताणायची आणि मोजायची. ताणलं की अणू दुरावतात, विजेची चाल बदलते, एवढं मला समजलं होतं. जव्हारच्या माझ्या कचेरीत मात्र मी सांगून ठेवलं होतं, की आमची पोरगी विजेला चिमटे काढते.

काकांना हे पटत नव्हतं. जव्हारच्या शाळेत शिक्षिकेची जागा चालून आलेली, आणि आमच्या खोडाळ्यात मास्तरकी म्हणजे स्वर्गाच्या अलीकडचा एसटी थांबा.

"ताणून काय व्हतं? फाटतं," काका म्हणाले.

"फाटायच्या आधी काय होतं ते बघते, बा."

गावचा बोहाड्याचा उत्सव तोंडावर होता. मुखवट्यांची सोंगं नाचायची ती काकांकडच्या देवाच्या ढोलावर. आमच्या घरचा दंडक असा, की पहिलं सोंग निघेपर्यंत त्या ढोलावर टिपरू पडायचं नाही. काका नुसत्या दोऱ्या आवळायचे आणि अंगठ्याने कातडं चाचपायचे. मागच्या साली ढोल इतका बसका निघाला, की गणपतीचं सोंग नाचायचं सोडून खोकल्याचं औषध शोधत फिरलं, असं मी अजून सांगतो. काकांना ते लागलं होतं.

म्हणाले, "तुझ्या पानाला माझ्या ढोलाचा ताण कळला तर ऱ्हा मुंबईला. न्हाय तर शाळा."

"ते पान नाजूक आहे, बा. त्याच्या भावकीला बोलावते."

तिने कागदावर पेन्सिल घासघासून दोन सारख्या काळ्या पट्ट्या केल्या. एक डिंकाने काकांच्या दुसऱ्या, त्याच मापाच्या लग्नात वाजवायच्या ढोलावर चिकटवली, टोकांच्या वायरी मीटरला जोडल्या. तो ढोल वाजवायला मोकळा. काकांनी ठोकून ठोकून तो सुरात आणला; काटा कुठून कुठे सरकला ते तिने काचेवर खुणावलं. मग दुसरी पट्टी देवाच्या ढोलावर. काका दोऱ्या ओढत गेले, काटा सरकत गेला आणि खुणेच्या अलीकडे थांबला.

"पुरे," काका अंगठा फिरवून म्हणाले.

"अजून एक पीळ."

"कातडं गेलं तर?"

"तर मी शाळेत जाते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे. त्यांनी पीळ दिला, काटा खुणेवर आला.

पहिल्या सोंगाला टिपरू पडलं आणि मोखाड्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. कमी सांगतोय. तेवढा खणखणीत आवाज त्या ढोलाने माझ्या जन्मात काढला नव्हता.

सोंगं संपल्यावर काका घाम पुसत माझ्याजवळ आले.

"शाळंवाल्यांना सांग, पोरगी यायची न्हाय."

आणि पट्टी सोलायला निघालेल्या तिच्या हातावर हळूच टिपरू मारलं. "ऱ्हाऊ दे ती. पुढल्या सालाला तू न्हाय आलीस तर?"