बटानेसला निघण्याच्या आदल्या दिवशी

बिडकीनच्या शाळेत भूगोल शिकवताना आशियाच्या नकाशावर काठी टेकवली, की फिलिपिन्सच्या उत्तरेची बटानेस बेटं काठीच्या टोकाखाली पार झाकून जायची. इतकी लहान! तिथं जाडजूड दगडी घरं आहेत, हिरव्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात, असं कुठंतरी वाचलं आणि मला वेडच लागलं. मी तर अजून समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता. निवृत्त झाल्यावर हट्टानं पासपोर्ट काढला, एका सहलीत नाव घातलं. आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे हे येणार नव्हते, फक्त टोमणे मारायला मोकळे. "नळाला पाणी नाय, अन् ही निघाली समुद्र बघायला!"

आदल्या दिवशी बॅग भरून स्वयंपाकघरात दाराजवळ ठेवली. पासपोर्ट बाहेरच्या कप्प्यात. मग आम्ही दोघं स्कूटरवरून फुलंब्रीला माझ्या थोरल्या बहिणीचा निरोप घ्यायला गेलो. तिनं माझ्या तळहातावर दही ठेवलं, तेवढ्यात शेजारणीचा फोन आला.

"भाभी, तुमच्या दाराखालून पानी येतंय!"

दही तसंच तोंडात टाकून मी उठले. आमच्याकडं आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं, तेही सांगून येत नाही. म्हणून तोटी उघडीच ठेवायची, खाली ड्रम लावायचा. धार पडल्याचा आवाज आला, की हातातलं काम टाकून धावायचं. घरात हा दंडक माझाच. पाण्याची पाळी अंदाजे परवाची होती, तरी सकाळी स्वयंपाकघरातली तोटी मीच उघडी ठेवली होती.

"पासपोर्ट वर कुठं ठेवलाय का? आठव जरा," हे स्कूटर पळवत विचारत होते.

"तुम्ही समोर बघा!" मी खेकसले.

कुलूप उघडताना किल्ली दोनदा पडली. आत बोटभर पाणी. ड्रम भरून वाहत होता, बॅग आडवी पडून भिजत होती. आणि मी काय केलं? तोटीला नळी लावून दुसऱ्या ड्रममध्ये सोडली. मग हंडे, बादल्या, कूलरची टाकी, शेवटी कुकरसुद्धा. पाणी वाया जाताना मला बघवतच नाही.

स्कूटर लावून हे दारात आले आणि ओरडले, "अगं, बॅग!" तेव्हा कुठं मी भानावर आले.

पासपोर्टची पानं एकमेकांना चिकटली होती. फोटोचं पान फुगलं होतं. सहलीवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, हा चालणार नाही, नवा काढावा लागेल. दैव देतं नि कर्म नेतं म्हणतात, ते हेच. बॅग लगेच उचलली असती तर पासपोर्ट वाचला असता का, कोण जाणे. पण मी उचलली नाही. ह्यांनी या वेळी एकही टोमणा मारला नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

एवढ्यात शेजारीण दारात आली. "भाभी, पानी भरलं का?"

"व्हय," मी म्हणाले, "सगळं भरलं." आणि तिच्यासमोरच ढसाढसा रडायला लागले.