ट्युलिपचे पासपोर्ट

मरियमबी चहा बशीत ओतून प्यायच्या, पण बशीवर फुंकर घालायच्या नाहीत, निवेपर्यंत थांबायच्या. कॅमेऱ्याचं भिंग ओढणीच्या एकाच टोकाने पुसायच्या आणि ते टोक दुसऱ्या कशालाही लागू द्यायच्या नाहीत. घराबाहेर पडल्या की आधी स्वतःच्या सावलीकडे बघायच्या. गिऱ्हाइकाला कधी "हसा" म्हणायच्या नाहीत. "श्वास सोड," म्हणायच्या, आणि तो सुटला की बटण दाबायच्या. समोरची बाई नकाब काढणार असली की भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. "झालं?" असं विचारायच्या. पलीकडून "झालं" आलं की मगच वळायच्या.

हे शेवटचं अजीजने पाहिलं नव्हतं. पडद्याआड पुरुषाला मज्जाव होता. त्याने ते नुसतं ऐकलं होतं.

अजीज रत्नागिरीचा. मराठी घेऊन बी.ए. झाला, आगबोटीने दुबईला आला आणि तिथल्या देरा भागातल्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं टाइप करू लागला. राहायला त्याला बदरुद्दीनचाचांच्या दुकानावरची खोली मिळाली. खाली 'बदरुद्दीन फोटो स्टुडिओ'. पुढच्या भागात चाचा पुरुषांचे फोटो काढायचे. मागे, जाड हिरव्या पडद्याआड, त्यांची बायको मरियमबी बायकांचे काढायची.

१९६७ सालची गोष्ट. कुणा बाईला गावी जायचं असे, कुणाला हजला. पासपोर्टला फोटो लागे, आणि परपुरुषापुढे नकाब काढायची कुणाची तयारी नसे. म्हणून राजापूरची असो, श्रीवर्धनची असो, बलुची असो की इराणी, प्रत्येक बाई मरियमबींकडेच येई. त्यांचा एक कायदा होता. फिल्म त्याच धुणार, फोटो त्याच छापणार, आणि निगेटिव्हसुद्धा पाकिटात घालून त्या बाईच्या हातात देणार.

"चेहरा तिचा, मग फिल्मपण तिचीच," त्या म्हणायच्या.

त्यामुळे बायका निर्धास्त असत. पण त्यामुळेच मरियमबींच्या हातचं मागे काही उरत नसे. दुकानाच्या दर्शनी शोकेसमध्ये सगळे चाचांचे पुरुष बसलेले. मिशीवाले, टोपीवाले, एक तर मांडीवर रेडिओ घेतलेला. रस्त्याने जाणाऱ्याला वाटे, इथे एकच फोटोग्राफर आहे.

"तुझं शिक्षण कुठे दिसतं रे, अजीज?" एकदा त्यांनी विचारलं.

"सर्टिफिकेटवर, चाची."

"माझं पाकिटात. आणि पाकीट बायकांच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली." त्या हसल्या. मग हसू थांबलं. "त्या काचेमागे माझा एक फोटो लागला पाहिजे. एकच. मग मी गप बसेन."

"बाईचा चेहरा काचेमागे लावणार?" आतून चाचा म्हणाले. "देरा पेटवशील."

"चेहरा नाही लावणार. पण दुसरं काय काढू? मला चेहरेच येतात."

उत्तर आणलं गनीने.

गनी हा खाडीजवळच्या नव्या सार्वजनिक बागेचा मुकादम. मूळचा दिघीचा. बाग कसली, चार लिंबाची झाडं, दोन बाकं आणि टँकरच्या पाण्यावर जगवलेलं गवत. तिथे एका डच इंजिनियरने गावाहून ट्युलिपच्या कंदांची पेटी आणून दिली होती. थंडी लागल्याशिवाय हे फुलत नाही, असंही सांगितलं होतं. आता दुबईत थंडी कुठून आणायची? गनीने पेटी उचलली आणि ओळखीच्या बर्फ कारखान्यात, मासळीच्या शेजारी, नेऊन ठेवली. हिवाळाभर ते कंद सुरमईच्या सोबतीने झोपले. मग जमिनीत गेले. आणि बकरीईदच्या सुमारास गनी धापा टाकत दुकानात आला.

"चाचा, फुललंय! लाल, पिवळं, जांभळं. वास मात्र सुरमईचा नाही, अल्लाची मेहेरबानी!"

मरियमबी पडद्याआडून बाहेर आल्या. "मी फोटो काढणार," त्या म्हणाल्या. "आणि तो शोकेसमध्ये लागणार."

चाचांनी मान हलवली. "शोकेसमध्ये काहीही लागत नाही. लावण्याजोगा असेल तर लावू. माझे डोळे आता अधू झालेत, पण खराब फोटो अजून दिसतो मला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या अजीजला घेऊन बागेत गेल्या. लांब उभ्या राहिल्या. अख्खा वाफा घेतला, मागे खाडी घेतली, खाडीतलं गलबत घेतलं. आपण फार मोठं काही करतोय असं अजीजलाही वाटलं. त्याने त्या दृश्यावर मनातल्या मनात दोन ओळीसुद्धा रचल्या.

फोटो छापून आला. काळापांढरा. चाचांनी तो नाकाजवळ धरला, डावीकडून उजवीकडे सरकवला.

"वा," ते म्हणाले. "कांद्याचं शेत छान आलंय."

अजीजला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. कारण ते खरं होतं. दांडे, पाती, वर करडे ठिपके. मरियमबींनी फोटो घेतला, उलटा ठेवला आणि स्वयंपाकघरात भात लावायला गेल्या.

सकाळी गनीचा निरोप आला. उद्या दुपारपासून शमाल सुटणार, असं गलबतवाले सांगत होते. ते धुळीचं वारं एकदा बागेत घुसलं की ट्युलिप खलास.

"म्हणजे उद्याची सकाळ," मरियमबी म्हणाल्या. "अजीज, ऑफिसला उशिरा गेलास तर चालेल?"

"नाही चालणार, चाची."

"मग कळव त्यांना, की उशिरा येतोस."

फजरच्या नमाजानंतर ती दोघं निघाली. या वेळी त्यांच्यासोबत पडद्याआडचा मोठा भात्याचा कॅमेरा होता, त्याचा स्टँड होता, आणि अजीजच्या खांद्यावर पांढरी चादर होती. चादर कशाला, हे त्याने विचारलं नाही. बसायला असेल.

वाफ्यातली फुलं घट्ट मिटलेली होती. गनीने हात झटकले. "रात्री मिटतात, बाई. ऊन लागल्याशिवाय उघडत नाहीत."

"माहीत आहे," मरियमबी म्हणाल्या. त्यांनी स्टँडचे पाय पार आखडून घेतले, कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवला, भाता पूर्ण ताणला. मग अजीजला म्हणाल्या, "या लाल फुलाच्या मागे चादर धर. ताठ. सुरकुती नको."

अजीजला कळलं. पासपोर्ट! चाची फुलांचे पासपोर्ट फोटो काढणार होत्या. पांढरी पाठ, समोरून चेहरा, एका वेळी एक. परवा कांद्याचं शेत होतं, आज हे. कुणी तरी सांगायला हवं होतं. पण चादर त्याच्याच हातात होती.

गनीने सांगितलं. "बाई, यांना कुठे पाठवताय? कराचीला की मुंबईला? व्हिसा मिळायचा नाही हां, बापाचं नाव माहीत नाही कुणाच्या!"

बागेत झाडू मारणारे दोघे हसू लागले. बाकावरचा एक म्हातारा अरब उठून जवळ आला, पाहत राहिला आणि "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, म्हणत चादरीकडे बोट दाखवू लागला. जणू त्याचाही नंबर होता.

मरियमबींनी कुणाकडे पाहिलं नाही. सूर्य पलीकडच्या खजुरांच्या वर आला. ऊन वाफ्यावर उतरलं. आणि मग त्यांनी जे केलं ते अजीजने आजवर नुसतं ऐकलं होतं. त्या वळल्या. फुलांकडे पाठ केली, खाडीकडे तोंड केलं आणि हात बांधून उभ्या राहिल्या.

झाडूवाले हसायचे थांबले. का थांबले, हे त्यांना सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळाने मरियमबींनी, न वळता, विचारलं, "झालं?"

अजीजने चादरीवरून खाली पाहिलं. लाल फुलाच्या पाकळ्या सुटल्या होत्या. पूर्ण नाही. नकाब वर केल्यावर पहिल्यांदा समोर बघणाऱ्या बाईइतक्या. आतला काळा गाभा दिसत होता.

"झालं, चाची," तो म्हणाला.

त्या वळल्या आणि बुरख्यासकट ओल्या मातीत पालथ्या झाल्या. कॅमेऱ्याचं काळं कापड डोक्यावरून घेतलं. आतून आवाज आला, "मान थोडी इकडे. घाबरू नकोस. श्वास सोड." वाऱ्याची झुळूक येऊन गेली, दांडा हलला, स्थिर झाला. खट्.

मग पिवळं. मग जांभळं. मग एक वाकडं, ज्याच्याकडे गनीने बघूही नका म्हटलं होतं. त्याला त्यांनी सगळ्यात जास्त वेळ दिला. मग एक उतरत्या वयाचं, पाकळ्या सैल पडलेलं. अजीजचे दंड भरून आले. गनीने न बोलता चादरीचं दुसरं टोक धरलं. म्हातारा अरब जमलेल्या मुलांना लांब थांबवू लागला. शेवटची फिल्म संपली तेव्हा वाऱ्यात वाळूची पहिली चव आली होती. दुपारी शमालने वाफा झोडपून काढला.

त्या दिवशी अजीज ऑफिसात गेलाच नाही.

फोटो दोऱ्यावर वाळत होते तेव्हा चाचा आत आले. त्यांनी पहिला फोटो नाकाजवळ धरला. या वेळी तो सरकवला नाही. एकाच जागी धरून ठेवला.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

चाचांनी दुसरा घेतला, ते वाकडं फूल. "आणि ही? हिला मी कुठे तरी पाहिलंय." मग ते आपल्याच बोलण्याने चमकले आणि बायकोकडे वळले. "मरियम, हे कसं केलंस?"

"काय केलं? मला चेहरेच येतात, सांगितलं होतं ना."

चाचा पुढे गेले. शोकेसचं कुलूप उघडलं. मिशीवाले काढले, टोपीवाले काढले. रेडिओवाल्याशी थोडा घुटमळले, मग तोही काढला.

"याने पुढच्या महिन्यापर्यंत ठेवायला सांगितलं होतं," ते पुटपुटले. "जाऊ दे. मिशी काय पळून जात नाही."

संध्याकाळी शोकेससमोर रस्ता अडला. पण अजीज थक्क झाला तो दुसऱ्या दिवशी, बायका आल्या तेव्हा. बुरख्यातल्या, जोडीजोडीने, काचेला नाक लावून. जहूर शिंप्याची बायको रुकय्या एका फुलासमोर उभी राहिली आणि हलेना.

"ही मी," ती म्हणाली.

"चल गं, फूल आहे ते," तिची सासू हव्वाबी म्हणाली. मग स्वतःच पुढे सरकली आणि त्या सैल पाकळ्यांच्या फुलापाशी थांबली. बराच वेळ थांबली. "या वयात मला काचेमागे बसवलं मरियमने," ती म्हणाली. "बघा तरी, काय दिसते मी!" आणि भर रस्त्यात खदखदून हसली.

त्या आठवड्यात कित्येक बायका येऊन आपापलं फूल ओळखून गेल्या. एकाच फुलावर दोघींनी हक्क सांगितला आणि त्यांचं चांगलंच जुंपलं. मरियमबी पडद्याआडून म्हणाल्या, "मी कुणाचं नाव घेतलेलं नाही!" आणि बाहेर हशा उसळला. अजीज जिन्यावर बसून ऐकत होता. कॉलेजात त्याने कवितेवर पानंच्या पानं लिहिली होती. त्यातली एकही ओळ त्या वेळी त्याला आठवली नाही, आणि त्याचं त्याला वाईटही वाटलं नाही.

चाचांनी पाटी उतरवली. नवी पाटी आली: 'मरियम-बदरुद्दीन फोटो स्टुडिओ'. आपलं नाव मागे गेल्याची तक्रार ते येईल त्याच्याकडे करत, आणि पाटी मात्र रोज सकाळी स्वतः पुसत.

मरियमबींनी मग त्या फोटोंना हाताने रंग द्यायला घेतलं. काडीला कापूस गुंडाळून, बशीत रंग कालवून, एकेक पाकळी. सगळे झाले. शेवटी पहिलं लाल फूल राहिलं. त्याची एक पाकळी रंगली, दुसरी अर्धी आली, आणि बाहेरून हाक आली. पडद्यापाशी बायकांची रांग लागली होती, पार दाराबाहेर रस्त्यापर्यंत.

"आलेच," म्हणून त्यांनी काडी बशीवर आडवी ठेवली आणि त्या उठल्या.

रांग काही संपली नाही. ते फूल तसंच शोकेसमध्ये लागलं. दीड पाकळी लाल, बाकी करडी. कुणी विचारलं तर मरियमबी म्हणायच्या, "उद्या बसते त्याला." मग भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि पुढच्या बाईला विचारायच्या, "झालं?"