कपाटातलं मशीन

त्यांना सगळे नकाशाताई म्हणत. इमारत उभी राहायच्या आधी त्या ती संगणकावर उभी करायच्या: खिडकीतून येणारं ऊन, जिन्याखालची सावली, सगळं हुबेहूब. बावीस वर्षं एकाच ऑफिसात. मी तिथली मशीनं दुरुस्त करणारा. महिन्यातून एक फेरी, एक चहा आणि "काय रे, न्हावी रुसलाय का तुझ्यावर?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग साहेबांनी ऑफिस नव्यानं सजवलं. तारा दिसायला नकोत, पंख्याचा आवाज नको, म्हणून ताईंच्या टेबलाखाली लाकडी कपाट आलं आणि मशीन त्यात गेलं. दार घट्ट बंद. वा वा करणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू!

दोन महिन्यांत कुजबुज सुरू झाली. ताईंचा हात मंदावला म्हणे. सकाळी ठीक, दुपारी तेच चित्र तयार व्हायला तिप्पट वेळ. साहेब म्हणाले, "वय झालं, डोळ्यांवर झापड येत असेल." वाईट म्हणजे ताईंनाही ते पटलं. लेकीनं नवा चष्मा करून दिला. सुस्ती नको म्हणून त्या दुपारी अर्धाच डबा खायला लागल्या. अर्धा!

साहेबांनी मला बोलावलं. "दोष मशीनचा की माणसाचा, लिहून दे." मी मशीन कपाटातून काढून टेबलावर ठेवलं, धूळ उडवली, दहा मिनिटं चाचणी लावली. ग्राफिक्स कार्डचा, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागाचा, वेग अठराशे मेगाहर्ट्झ, खोक्यावर छापलाय तेवढाच. मशीन परत कपाटात ठेवलं आणि 'मशीन ठणठणीत' असं लिहून मी सही ठोकली.

"म्हणजे मीच," ताई हळूच म्हणाल्या. मग विचारलं, "तो आकडा मला रोज बघता येईल?" मी त्यांना तसा प्रोग्रॅम टाकून दिला. त्यांच्या समाधानासाठी, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी फोन. "अरे, तीनशेच दाखवतंय की! बिघडलं का?"

"अहो ताई, काम नसलं की कार्ड पाय पसरून बसतं. रिकाम्या वेळचा आकडा बघूच नका. चित्र तयार होत असताना बघा. वेग, तापमान आणि कार्ड किती टक्के कामात आहे, ही तिन्ही एकत्र. नुसत्या वेगावरून काही कळत नाही."

मोठा शहाणा मी! स्वतः मात्र दहा मिनिटांत उरकून आलो होतो.

ताईंनी आठवडाभर दर अर्ध्या तासाला पेन्सिलीनं टिपलं. सकाळी नऊला वेग अठराशे, तापमान साठ. अकराला पंधराशे, चौऱ्याऐंशी. दुपारी एकला सातशे, एक्याण्णव. आणि कार्ड सगळा वेळ शंभर टक्के कामात. तो कागद बघून माझी चूक मला कळली. फार तापलं की जळू नये म्हणून कार्ड आपला वेग आपणच कमी करतं. कोंडलेल्या कपाटात ते रोज तेच करत होतं, आणि मी ते बाहेर काढून तपासलं होतं.

"ताई, कपाटाचं दार उघडा," मी म्हणालो.

वीस मिनिटांत आकडा सतराशेवर चढला. ताई बघतच राहिल्या. "म्हणजे मी नव्हते रे!" म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून डबा उघडला आणि पूर्ण संपवला.

कागद घेऊन आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. मी म्हणालो, "साहेब, चूक माझी. ताईंचा काही दोष नाही." साहेबांनी कागद नीट वाचला. म्हणाले, "बरं झालं, कळलं ते. पण ताईंना कामावरून काढायचं पत्र तयार आहे. सोमवारी नवी मुलगी येतेय, तिला शब्द दिलाय." पत्रात कारण होतं: कामाचा वेग कमी. ते बदलायलाही साहेबांनी नकार दिला. ताई बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "हे बाहेर बोलू नकोस. मशीनांचं काम तुझ्याकडेच राहील." डोक्यात तिडीक गेली होती माझ्या. पण मूग गिळून बसलो.

शनिवारी साहेबांनी त्या कपाटाला मागून भोकं पाडून पंखा बसवायला सांगितला. मी बसवला.

आता साहेब येईल त्याला सांगतात, पोरगी काय चपळ आहे! गेल्या महिन्यात मी तिचं मशीन पुसत होतो. तिनं विचारलं, "काका, आधीच्या बाई फार हळू होत्या का हो? मशीनच तसं होतं का?"

साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी कपाटात डोकं घालून म्हणालो, "मशीन ठणठणीत होतं."