आमच्या नाटकातलं त्यांचं काम

"चालू द्या, चालू द्या," म्हणतच ते आत यायचे. तळवा आमच्याकडे करून हात दोनदा असा हलवायचे, की कोणाला वाटावं आम्ही सगळे त्यांच्यासाठी उठून उभे राहिलोय. खरं तर कोणी उठलेलं नसायचं. मग ते चपला दाराशी जोडीनं लावत, खिडकीजवळच्या बाकावर बसत आणि जाहीर करत, "मी आठे बठस."

तुमच्या गावात हौशी नाटकमंडळी असतील तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमचं वर्ष दिवाळीत सुरू होतं. शाळेला सुट्टी लागते, शिपायाकडून हॉलची किल्ली मिळते आणि स्पर्धा तोंडावर आलेली असते. अख्खं जळगाव चकल्या तळत असतं तेव्हा आम्ही लहान पोरांच्या बाकांवर गुडघे आपटत संवाद पाठ करतो. घरची बोलणी खातो ती वेगळीच. "लोकांची दिवाळी आणि तुमचा शिमगा," ही माझ्या बायकोची दरवर्षीची शुभेच्छा.

त्या सुट्टीत हे गृहस्थ रोज चहाच्या वेळेला यायचे. उंच, जरासे वाकलेले, डोक्यावर पांढरी टोपी. दिवाळी संपली की चार-आठ दिवसांत दिसेनासे व्हायचे ते थेट पुढच्या दिवाळीला उगवायचे. असं बरीच वर्षं चाललं. यंदा ते आले नाहीत.

धनत्रयोदशीला पहिली तालीम होती. आमचा दिग्दर्शक प्रमोद मला म्हणाला, "काय भो, तुझे नाना नाही आले यंदा?"

"माझे?" मी म्हणालो. "तुझे आबा ना ते?"

"माझे कुठले? मी आपलं म्हातारं माणूस म्हणून आबा म्हणायचो. मला वाटलं, शकीलचे ओळखीचे."

शकील आमची प्रकाशयोजना बघतो. तो शिडीवरूनच म्हणाला, "मैं तो चाचा बोलता था. चहा पहिला तुम्हीच द्यायचे त्यांना. मला वाटलं, तुमच्या घरचे."

मी चहा पहिला द्यायचो, कारण प्रमोद त्यांना वाकून नमस्कार करायचा. प्रमोद नमस्कार करायचा, कारण शकील त्यांच्यासाठी पंखा लावायचा. शकील पंखा का लावायचा, हे त्यालाही सांगता येईना. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला नाना म्हटलं, आबा म्हटलं की काम भागतं. नाव विचारणं उलट उद्धटपणाचं वाटतं. तुम्हीच आठवून बघा, तुमच्या गल्लीतल्या किती काकांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत! आम्ही आधी पोट धरून हसलो. मग हसणं आपोआप थांबलं. माणूस आजारी असेल, नसेलही. जाऊन बघायचं तरी कोणाच्या घरी?

ते बघायला बसायचे, एवढंच आम्हाला माहीत होतं. पण त्यांचं बघणं काही सरळ नव्हतं. एका नाटकात बाप मरतो असा प्रसंग होता. आमची अक्का, म्हणजे मंडळातली सगळ्यात जुनी नटी, हंबरडा फोडायची, आणि नेमके तेव्हा नाना खुदकन हसायचे. रोज! प्रमोद हादरला. दोन दिवस त्याला जेवण गोड लागेना. प्रसंग खोटा वाटतोय म्हणून त्यानं तो सगळा फिरवला, अक्काचा हंबरडा कापला. अक्का त्याच्याशी बोलेनाशी झाली. शेवटी मीच विचारलं, "नाना, तिथं हसू का येतं हो?"

"तेना धोतरना काष्टा सुटी राह्यना व्हता," ते म्हणाले. मेलेल्या बापाचा काष्टा.

हंबरडा परत आला. स्पर्धेत आम्ही आपटलो ते आपटलोच, पण काष्टा पक्का होता.

उलट विनोदी प्रसंगाला त्यांचे डोळे भरून यायचे. एका नाटकात मुलीच्या सासरी आलेला बाप दारातल्या दारात घुटमळतो, कुठं बसावं ते त्याला कळत नाही आणि तो भलत्याच स्टुलावर बसून पडतो. आम्ही लोळायचो. नाना टोपी काढून डोळे पुसायचे. आता यात पुसण्यासारखं काय होतं, ते मला तेव्हा समजलं नाही. आताही नीट समजलंय असं म्हणवत नाही.

एकदा तर त्यांनी आम्हाला पारच गोंधळात टाकलं. दुसऱ्या अंकात एक म्हातारा नुसता खुर्चीत बसून असतो, एक शब्द बोलत नाही. ते काम करणारा आमचा गडी पाडव्याला सासुरवाडीला गेला तो तिकडेच रमला. प्रमोद म्हणाला, "आबा, तुम्ही या वर. फक्त बसायचंय." बसण्यात तर यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण ते एकदम उभे राहिले.

"मी वर गऊ ते मंग देखी कोन?"

बघायला कोण राहणार, एवढंच विचारून चपला घातल्या आणि निघून गेले. आम्हाला वाटलं, दुखावले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला हजर. "चालू द्या, चालू द्या."

यंदा भाऊबीजेला मी धुळ्याला बहिणीकडे गेलो होतो. नाना कधीतरी 'धुळ्याच्या गाडीनं आलो' म्हणाल्याचं आठवत होतं. तेवढ्या आधारावर बसस्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं. म्हातारे आहेत, उंच आहेत, टोपी घालतात, 'आहे'ला 'शे' म्हणतात. तो समोरच्या फलाटाकडे हात करून म्हणाला, "भाऊ, बठ्ठे तसेच आहेत. यातला कोणता पाहिजे?" खरंच तिथं सगळे तसेच, डझनभर नाना बसलेले होते. मी प्रत्येकाचं तोंड न्याहाळून परत आलो. बहीण म्हणाली, नाव माहीत नसलेल्या माणसासाठी एवढा जीव का टाकतोस? मला तिचाच राग आला.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तालीम चालू असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. हातात फराळाची पिशवी.

"नाटकवाले तुम्हीच ना? माझे बाबा यायचे इथं." तिनं त्यांचं नाव सांगितलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते नाव आमच्यापैकी कोणीच कधी ऐकलेलं नव्हतं. मग ती म्हणाली, "धुळ्याकडचे. उंच होते," आणि त्या 'होते'नं आम्हाला सगळं सांगितलं.

पोळ्यानंतर गेले. फार त्रास झाला नाही म्हणाली. अक्कानं तिला बसवलं, पाणी दिलं.

"आई गेली आणि माझं माहेर संपलं," ती सांगत होती. "दिवाळीला बोलावणारं कोणी राहिलं नाही. म्हणून बाबाच माझ्याकडे यायचे, इथं जळगावातच, मेहरूणला. पण आमच्या दोन खोल्या, त्यात नणंदा आलेल्या. चहा घेतला की हे उठायचेच. म्हणायचे, नाटकमा काम शे."

"काम?" प्रमोदच्या तोंडून निघून गेलं. अक्कानं त्याच्यावर डोळे वटारले.

"हो ना. मी म्हणायची, मला बघायला येऊ द्या. तर म्हणायचे, धाकलं काम शे माय, तू नको येऊ."

माझ्या डोक्यात सगळा कालवा झाला. म्हणजे हा माणूस लेकीशी खोटं बोलत होता? की लेकीच्या घरात बसायला जागा नाही म्हणून आमच्याकडे वेळ काढत होता, आणि आम्ही आपले समजत होतो की त्यांना नाटकाची आवड आहे? की त्यांना ते खरंच काम वाटत होतं? विचारायचं तर कोणाला!

"लहानच होतं ना हो काम त्यांचं?" तिनं विचारलं.

"नाही ताई," मी म्हणालो. "लहान नव्हतं."

तिनं पदरानं तोंड पुसलं, पिशवीतला डबा अक्काच्या हातात दिला आणि जायला उठली. उठता उठता सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "मग यंदा त्यांचं काम कोण करतंय?"

प्रमोदनं माझ्याकडे पाहिलं, मी शकीलकडे. आम्ही सगळे खडूनं आखलेल्या रंगमंचाच्या आत उभे होतो. समोर खिडकीजवळच्या बाकावर कोणीच नव्हतं.